घिसाडघाई

तिसरी टोपी आवळली की क्रँक अडतो.
पहिली आवळा, दुसरी आवळा,
एका बोटानं फिरतो, ताकात रवी फिरावी तसा.
तिसरीला मात्र दातखीळ.

टॉडमॉर्डनमधलं हे भाड्याचं गॅरेज,
कालव्याची ओल भिंतीतून वर चढत असते,
हीटरच्या दोन कांड्यांपैकी एकच पेटते.
पासष्ट सालच्या मॉरिस मायनरचं इंजिन
स्टँडवर उताणं,
आणि मी, आठवडाभर औषधांच्या दुकानात
लोकांच्या गोळ्या मोजणारी,
पाना हातात धरून
त्याला मराठीतून शिव्या घालतेय.

क्लाइव्ह ऑर्मरॉड दुधाच्या पालथ्या क्रेटवर बसलेला असतो.
गिरणीत चाळीस वर्षं माग दुरुस्त केले त्यानं.
कान गेले, बोटं शाबूत.
शिव्या कळत नाहीत त्याला, सूर कळतो.
"काढ," म्हणतो.
"सगळं?"
"सगळं."

पहिल्या रविवारी मी दोष दिला
बर्नलीच्या त्या पोराला, ज्यानं क्रँक घासून दिला.
चार जागी मोजलं, आडवं धरून, उभं धरून.
मायक्रोमीटर म्हणाला, पोरगा निर्दोष.
मग इंजिन विकणारा शेतकरी चोर ठरला,
त्यानं टोप्यांची अदलाबदल केली असणार.
टोप्यांवरचे ठोकलेले आकडे घासून पाहिले:
एक, दोन, तीन. जिथल्या तिथे.

दुसऱ्या रविवारी मी कानस उचलली.
थोडंसंच घासते, म्हटलं, कोणाला कळतंय.
क्लाइव्ह पहिल्यांदाच क्रेटवरून उठला,
लहान मुलाच्या हातून सुरी काढून घ्यावी
तशी कानस घेतली आणि कोटाच्या खिशात टाकली.
"ही नुसती नेते," म्हणाला.
"आणून देत नाही."

चहा पिताना मी त्याला सांगितलं,
आमच्याकडे एक शब्द आहे, घिसाडघाई.
घिसाडी म्हणजे गावोगाव फिरणारा लोहार,
झाडाखाली भाता लावतो, विळे-कोयते घडवतो
आणि पुढच्या गावाला जातो.
त्याची म्हणे घाई.
मला दोनदा ओरडून सांगावं लागलं.
क्लाइव्हनं कप खाली ठेवला.
"घाई लोहाराला होती,
की विळा न्यायला आलेल्या माणसाला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.
शब्द इतकी वर्षं तोंडात होता.

तिसऱ्या रविवारी एका वेळी एकच गोष्ट.
टोपी काढली, ठेवली.
वाटी काढली. आतून पाहिली,
ती नेहमीच पाहत होते, आतून ती आरशासारखी.
क्लाइव्हनं हवेतच हात उलटा केला.
वाटी उलटी केली.

पाठीवर, तिरका, तेलानं चिकटलेला
एक केस.
बुंध्याशी पांढरा, पुढे मेंदीचा.
क्लाइव्हच्या डोक्यावर एकही नाही,
म्हणजे आरोपी शोधायची गरज नव्हती.

त्यानं तो चिमटीत धरून मोजायला लावला.
हजारावे भाग इंचाचे: केस भरला तीन.
तेलाला जागा होती दोनच.
केसभर चुकलं, केसभर राहिलं,
असं म्हणत आले जन्मभर,
केस कधी मोजला नव्हता.

पुसलं. फुंकलं. तेल दिलं.
टोपी आवळली, पान्याची टिक ऐकू येईपर्यंत.
बोट लावलं
आणि क्रँक गेला फिरत, काही झालंच नव्हतं अशा थाटात.

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.
बाहेर कालव्यावर एक बोट चालली होती, हळू,
तिच्या इंजिनाचे ठोके क्लाइव्हनं
ऐकले नाहीत, भिंतीला तळवा लावून मोजले.
"ऑइलपंप," म्हणाला.
मी गॅस्केट धरून पाहिलं.
एक भोक अर्ध्या सुतानं बाजूला.

फडक्याची चिंधी फाडून केस करकचून बांधले.
कानस मागितली नाही.
ती अजून त्याच्याच खिशात आहे.