पन्नास हजार लिटर

लिलावाला आम्ही दोघंच.
कुडाळचा भंगारवाला, त्याला आतली सळई हवी होती.
आणि मी.
'राहायला' म्हटलं तर अख्खी सभा हसली.

गवंडी म्हणाला, बाई, कोपराच नाही,
गुण्या लावू कुठं?
कपाट भिंतीला टेकेना, खाट टेकेना,
देव्हारा ईशान्येला म्हणावा
तर इथं ईशान्य नुसती वळत जाते.
पहिली खिडकी कापली तेव्हा
उजेडाची एक परात आत पडली
जिथं चाळीस वर्षं
पाणी अंधारात बसून होतं.

रंगाऱ्याला एवढंच सांगितलं,
आतल्या गाळाच्या रेघा पुसू नकोस.
सगळ्यात वरची गणपतीतली,
चाकरमानी यायचे म्हणून बाबा रात्रभर पंप चालवायचे.
मधल्या दाट, एकमेकींवर चढलेल्या, दिवाळी ते शिमगा.
आणि तळाशी, माझ्या घोट्याच्याही खाली,
मे महिना.

बाबा, म्हणजे भिकाजी कुबल, वॉलमन.
लांब दांड्याची चावी खांद्यावर.
वरच्या वाडीला अर्धा तास जास्त सोडलं म्हणून
भर बाजारात त्यांची कॉलर धरली होती.
वरच्या वाडीत आमचं घर नव्हतं.
एका बाळंतिणीचं होतं.

आता बावन्न पायऱ्यांना गुडघे नाही म्हणतात.
खाली खांबांच्या सावलीत खुर्ची टाकून बसतात,
मधेच उठून मेलेल्या पाइपला कान लावतात.
काय ऐकू येतं, विचारलं
तर म्हणाले, 'तू चालतेस.'

बाहेर निळ्या अक्षरांत अजून आहे:
क्षमता पन्नास हजार लिटर.
सध्या एक बाई, एक मांजर.
नव्या योजनेचा दाब इथवर चढत नाही,
म्हणून टाकीच्या डोक्यावर आणखी एक टाकी,
काळी, प्लास्टिकची, पाचशेची.
ती भरायला मी पैसे मोजून टँकर मागवते.
हे बाबांना सांगितलेलं नाही.
त्यांना दिसतं.

खाली नळ कोरडे पडले की
हंडा कमरेवर घेतलेल्या बायका
सवयीनं अजून वर बघतात.
मी कपडे वाळत घालत असते.
'आज सोडतलंस मा गो?'
हसतात.
मला चटकन हसू येत नाही.
आत येते.
खोलीच्या मध्यावर, पाणी बाहेर पडायचं भोक बुजवलं
तिथला सिमेंटचा गोल
अजून पायाला ओला लागतो.