येणे बाकी

म्हापशात, बाजाराच्या मागच्या गल्लीत
बावीस वर्षं मी मेन्यूकार्डं छापतोय.
पंजाबी ढाबा, उडपी, गुजराती थाळी,
मालवणी घरगुती,
आणि हल्ली मोरजीवाल्यांसाठी रशियन.
ते मला वाचता येत नाही,
उलटा आर उलटाच राहिला पाहिजे
एवढंच बघतो.

शाकुती कुणी एक्सने सुरू करतं, कुणी एसने,
एक बाई सी-एचने, आणि ती भांडतेसुद्धा.
मी सगळ्यांचं ऐकतो. चव माझ्या खात्यात येत नाही.
ऑक्टोबर आला की किमतींचे स्टिकर:
एकशेऐंशीवर दोनशेवीस, त्यावर तीनशेवीस.
नखाने खरवडलं तर खाली
नोटाबंदीच्या आधीची सुरमई सापडते.

कायतानकडून तीन हजार आठशे येणं होतं.
चाळीस कार्डं, दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन.
मे संपत आलेला, शॅक उतरवायचे दिवस.
फोनवर म्हणाला,
"पयशे नात, मरे. बायलेक घेवन जेवपाक यो."

म्हणून शिवोलीचा पूल ओलांडून, स्कूटरवरून,
आम्ही वसुली खायला निघालो.
कुंदा लग्नाकार्याची साडी नेसलेली.
खुर्चीचे मागचे दोन पाय वाळूत रुतत होते
आणि ती दर थोड्या वेळाने
काही झालंच नाही अशी सरळ होत होती.

टेबलावर माझंच कार्ड, सॉसचा डाग पडलेलं.
सतरा वर्षं ती नोटरीकडे टायपिस्ट होती,
कागद हातात आला की पहिल्या ओळीपासून वाचते.
"हे काय? बटर गार्लिक क्लेम्स?"

क्लॅम्सच्या पोटात एक आय जास्तीचा.
तिसऱ्यांचे दावे झाले होते
आणि पाच हंगाम कुणाला पत्ता नाही.
जर्मन आले, बेळगावकर आले, पुणेकरसुद्धा,
मुकाट्याने दावे मागवून, कवच्या चोखून गेले.
रशियन बाजूला मी काय करून ठेवलंय
देव जाणे.

"तेच सांगा," ती म्हणाली. "दावे. दोन प्लेट."

आतून आचारी आला, केओंझरचा बैद्यनाथ.
ठीक आहे ना, विचारलं.
"रेती राहिलीय," कुंदा म्हणाली,
"आदल्या रात्री मिठाच्या पाण्यात ठेवायच्या."
त्याने ते ऑर्डरच्या वहीत लिहून घेतलं.

पोरं फळ्या सोडवत होती,
प्रत्येक फळीवर खडूने आकडा.
आमच्या डोक्यावरचं छप्पर अर्धं निघालेलं,
तिच्या अंगावर ऊन, माझ्या अंगावर सावली.
घरी मी ताटाकडे बघतो, ती तव्याकडे.
समोर बसून जेवताना
ती आधी भात बाजूला सारते आणि माशाला हात घालते,
हे मला माहीत नव्हतं.

कार्डावर चोणकापुढे आकडा नसतो,
'आकारमानाप्रमाणे' असं असतं.
कायतानने परातीत आणून दाखवला.
तिने कल्ले उघडून पाहिले,
आणि पैसे द्यायचेच नव्हते तरी
साडेबाराशेवरून घासाघीस करत
नऊशेवर आणला.
तोही हट्टाने भांडला,
जणू गल्ल्यात खरंच काही पडणार होतं.

दोन सोलकढ्या. दोन ऊर्राक,
त्यातला दुसरा माझा म्हणून आला, अर्धा तिने संपवला.

अठराशेवीस झाले.
कार्डाच्या कोपऱ्यावर त्याने पेनाने लिहिलं:
बाकी एक हजार नऊशेऐंशी.
सही केली. लॅमिनेशनवर शाई धरत नव्हती,
तिने पदर न लागू देता
ते कार्ड मांडीवर वाळत धरलं, थेट घरापर्यंत.

पुलावर मागून म्हणाली,
"नवं छापाल तेव्हा तो आय काढू नका."
मग बराच वेळ काही नाही,
नुसता वारा आणि नदीचा वास.
मग,
"आणि बाकी एकदम संपवायची नाही."