तीन विटा

म्हैस विकली त्या साली हौद मोकळा झाला.
चार फूट बाय तीन,
काठाला शिंगांनी खरवडलेलं सिमेंट,
तळाला वाळल्या शेवाळाचे पापुद्रे.
महानंदा म्हणाली, सरपण ठेवू.
मी म्हणालो, पाणी ठेवू.
बिलाचा आकडा ऐकून गिऱ्हाईक बघतं
तसं बघितलं तिनं माझ्याकडं.

उदगिरात, आमच्या गल्लीत, नळ नऊ दिवसांनी येतो.
मी एकतीस वर्षं मोटारी भरल्या.
तांब्याची तार, वार्निशचा वास.
दोनशे फुटांवरच्या, चारशे, मग सहाशे.
पाणी किती खाली गेलं
ते जळून आलेल्या मोटारी मला आधी सांगायच्या.
वर ओढायचं, एवढंच शिकलो.
ओढलेलं थोडं ठेवून
त्याच्याकडं नुसतं बघत बसायचं,
हे राहून गेलं होतं.

नर्सरीत मन्मथकडं कमळ मागितलं.
"काका, कमळाला रान लागतंय.
तुमच्या हौदात ते पाय मुडपून बसंल
अन् फूल काय देणार नाही."
मग त्यानं कुमुदिनीचा कंद हातावर ठेवला,
आल्यासारखा, केसाळ,
एका टोकाला नखाएवढा लालसर कोंब.
वेखंडाचे दोन फुटवे काठासाठी दिले.
जलपर्णी विचारली तर म्हणाला,
"फुकट मिळाली तरी घेऊ नका.
ती पाव्हणी येती अन् घर नावावर करून घेती."

मातीचंही त्यानंच सांगितलं.
शेणखत नको, पालापाचोळा नको, पाणी नासतं.
आपली काळीच घ्या, चिकट.
पावसात चप्पल ओढून ठेवणारी,
उन्हाळ्यात भेगेत मनगट जाईल अशी.
जन्मभर शिव्या खाल्ल्या त्या मातीनं,
आणि आज कुणीतरी तिला
आहे तशीच मागत होतं.

रंगाची जुनी बादली, तिला खिळ्यानं भोकं,
आत गोणपाट, वर माती दाबून.
कंद आडवा, जरासा तिरका,
कोंब तेवढा बाहेर.
तोंडाशी बोटभर वाळू, म्हणजे माती उठत नाही.
हे सगळं नीट केलं
आणि बादली सोडली धपकन्.
चार दिवस हौदात चहा.

हलीमाबी भिंतीवरून वाकली,
"काय करलालाव भाऊ?
भांड्याला पाणी नाही
अन् तुम्ही बादलीला आंघोळ घालालाव."
खरंच होतं. मला उत्तर सुचलं नाही.
ऊन हौदातून जेवढं पितं
तेवढी बादली मी माझ्या आंघोळीतून वळती केली.
कुणाला सांगितलं नाही.
महानंदाला वासावरून कळलं असावं.

दुसऱ्यांदा हळू सोडली, दोन्ही हातांनी,
तळाशी एकावर एक तीन विटा रचून,
कोवळा कोंब खोल बुडू नये म्हणून.
मातीतून बुडबुडे येत राहिले, एकेक, सावकाश.
पंपानं हवा धरली की मी वैतागायचो.
इथं हवा सुटत होती
आणि मी कोपर भिजवून
शेवटच्या बुडबुड्यापर्यंत थांबलो.

हिवताप कार्यालयातून पिशवीत गप्पी आणले.
एक पान वर आलं, तपकिरी, चुरगळलेलं,
दुपारपर्यंत सपाट झालं.
एक वीट काढली. पान बुडालं.
तिसऱ्या दिवशी देठ वाढवून पुन्हा वर.
दुसरी वीट काढली. पुन्हा तेच.

आता हलीमाबीच्या अंगणातल्या मधमाश्या
पानाच्या कडेला बसून पाणी पितात.
तिनं त्या मोजल्या, मला आकडा सांगितला,
बाकी काही बोलली नाही.

काल सकाळी हौदात एक कान तुटलेला कप दिसला,
काठालगत, पाण्याला जेमतेम टेकलेला.
आत काळी माती, वर वाळू,
आणि ब्राह्मीची चार पानं.
मी महानंदाकडं बघितलं.
ती तांदूळ निवडत होती.

फूल अजून नाही.
शेवटची वीट काढायची राहिली आहे.