येण्याचे कारण

स्टँडवर रिक्षावाला म्हणाला, "देवीला ना?
मग महाद्वारलाच उतरा की,
स्वस्तातलं पाहिजे तर बोळात शिरा."

पहिल्या लॉजात बाराशे, वर ओलीचा वास.
दुसऱ्यात आठशे, पण काउंटरवरचा पोरगा
माझ्या खांद्यामागे बघत राहिला:
"मालक कुठायत?"
मालक म्हणजे नवरा, हे कळेस्तोवर
मी दोन पायऱ्या उतरले होते.

तिसरं गुजरीच्या पाठीमागे.
जिना इतका अरुंद, की आधी बॅग, मग मी.
चौगुलेकाकांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"सातशे. गरम पाणी सहा ते आठ.
खिडकी हाय, पण उघडली की भिंत."
पन्नास कमी करा म्हटलं.
"भिंतीचे पन्नास सोडले, जावा."

मग रजिस्टर. नाव, गाव, वय.
येण्याचे कारण.
वरच्या ओळींत दर्शन, दर्शन, कोर्ट,
दर्शन, मुलगी बघणे, दवाखाना.
एकतीस वर्षं पोस्टात मी लोकांचे फॉर्म तपासले,
रिकामा रकाना कधी चालवून घेतला नाही.

"लिवा की कायतरी, पोलीस बघत्यात."

लिहिलं: सहज.

त्यांनी वही फिरवून वाचलं.
किल्ली जरा वेळ हातातच राहिली.
"गंगावेशीत रात्री म्हशींच्या धारा काढत्यात,
समोर, ग्लासात. जाऊन या.
दार अकराला लावतो.
तुमच्यासाठी साडेअकरा."

खोलीत शिरून आधी खिडकी उघडली.
भिंतच होती.
पलीकडे कुणीतरी काहीतरी बारीक
हळूहळू ठोकत होतं.