चाळणी

ग्दिनियाच्या इस्पितळात, तळघरातल्या स्वयंपाकघरात
माझं काम एवढंच: गाळणं.
कोंबडीचं पाणी, बीटाचं आंबट सार,
तंतू राहिला तर पुन्हा,
दाणा राहिला तर पुन्हा.
सात वाजता वरून चिठ्ठी येते:
खाट चार, पातळ. खाट नऊ, पावडर.
खाट अकरा, नितळ, म्हणजे
वाटीच्या तळाची निळी फुलं दिसतील इतकं.

चारवर वात्सवाफ, गोदीतला क्रेनवाला.
शिडीवरून पडला, जबडा तारांनी बांधलाय.
संताप आला की माणूस दातओठ खातो;
त्याचे दात आधीच मिटलेले, उरले ओठ.
उशाशी तार कापायची पक्कड टांगलेली.
ओकारी आली तर कुठे कापायचं,
ते सिस्टरने त्याच्या बायकोला तीनदा करून दाखवलं.
ती अजून दाराकडे तोंड करून झोपते, बसल्या बसल्या.
सूप कसं होतं, विचारलं.
पाटीवर लिहिलं: गरम.
मग खाली, बारीक अक्षरात: कालही गरमच होतं.

नऊवर यादविगा. वीस वर्षं ट्रॉलीबस चालवते.
ऑपरेशनआधी दोन आठवडे
डब्यातली पावडर, पाण्यात ढवळून, दिवसातून चारदा.
यकृत आकसायला हवं,
सर्जनच्या हाताला आत वाट हवी.
रोज सकाळी रक्त तपासतात.
साखर उतरली, इन्सुलिन निम्म्यावर आलं,
आणि मंगळवारी बोटातली अंगठी निघाली,
साबण न लावता.
ती तळहातावर ठेवून तिने अख्ख्या वॉर्डला दाखवली,
जणू कुणी आत्ताच मागणी घातली होती.

अकरावर कोर्नेलिया.
तिला कुणी सांगितलं नव्हतं. लग्नाचा झगा होता,
आणि चाळीस दिवस सेलरी अन् सफरचंदाचा रस.
पहिला आठवडा पिसासारखा गेला, म्हणते,
डोकं इतकं स्वच्छ की आतून वारा वाहतोय.
मग कंगव्यात केस. जिन्यात अंधारी.
दंडाची कांडी झाली. नाडी मध्येच पायरी चुकू लागली.
आणि एका रात्री बरगडीखाली पित्ताचा खडा,
मटाराएवढा.
नुसत्या पातळावर जगलेल्या देहाने
तेवढी एकच घट्ट वस्तू घडवली होती.

मी डॉक्टर नाही.
पण चिठ्ठ्या वाचते, बत्तीस वर्षं.
वात्सवाफच्या चिठ्ठीवर शेवटची तारीख आहे,
यादविगाच्याही.
कोर्नेलियाच्या रसाला तारीख नव्हती.
आरसा म्हणेल तेव्हा.

आता तिला ताट वाढायचं नाही. चमचा.
उद्या दोन चमचे.
आई म्हणते, एवढंसं? पोर वाळून गेलीय!
मी तिला बापाची गोष्ट सांगितली नाही.
युद्ध संपलं तेव्हा छावणीतून चौघं गावात परतले,
आणि गावाने मायेने, पोटभर,
डुकराची चरबी वाढली.
पहाटे दोघांचंच पांघरूण हललं.
उपाशी काळीज एकदम आलेलं सुख पेलत नाही.
बाप तेव्हा सात वर्षांचा. ताट त्याने नेलं होतं.

शुक्रवारी अकराची चिठ्ठी बदलली:
बटाटा, कुस्करून, एक मोठा चमचा.
मी चाळणी उचलली. सवयीने.
मग ठेवली.

मार्च उजाडला, खाडीतला बर्फ फुटला.
वात्सवाफच्या तारा निघाल्या,
आणि तो स्वतः जिना उतरून खाली आला,
सिस्टरला न सांगता.
राईचा पाव मागितला.
मी कडा काढून आतला मऊ भाग पुढे केला.
त्याने कडा उचलली.
दोन बोटंच उघडत होता जबडा.
स्टुलावर बसून, शेगडीकडे पाहत,
चावत राहिला.
तो आवाज! ओल्या वाळूवरून कुणी सावकाश चालावं तसा.
मी आवंढा गिळला.
तो काही गाळलेला नव्हता.

वीस मिनिटं लागली त्याला.
मग तोंड उघडून, सहा आठवड्यांतलं
पहिलं धड वाक्य बोलला:
"थोडं पाणी दे गं.
फार कोरडा आहे पाव."