तोंडीलावणं

टर्की लोरेनची, बटाटे मार्सेलचे,
पाव ज्याला आठवेल त्याचा.
माझ्याकडे दरवर्षी तोंडीलावणं.
ज्याच्यावाचून कुणाचं अडत नाही
आणि नसलं
की ताट एकदम उघडं पडतं.

यंदा हबर्ड भोपळा.
निळसर करडा, अंगभर खरबरीत,
भिजून वाळलेल्या बुटाच्या चामड्यासारखा.
साडेसात किलो.
पेरला नव्हता कुणी.
आम्ही सगळे नदीकाठी बटाटे काढत वाकलेलो,
पलीकडे कॅनडा, अलीकडे आमच्या पाठी,
आणि हा इकडे कचऱ्याच्या ढिगावर
गुपचूप अंग धरत होता.
पहिल्या हिवानं वेल काळवंडली
तेव्हा दिसला.

सुरी दोन बोटं आत गेली
आणि रुतली.
पुढे जाईना, मागे येईना.
ओढली तर अख्खा भोपळाच
सुरीला लटकून वर आला.
पापा खुर्चीतून बघत होते.
या कामाला कुऱ्हाड असायची, आणि ती त्यांची.
आता उजवा हात चमचा धरतो,
तोही सूप नसेल तर.

रोझेर मागच्या दारानं आला, सरपण घेऊन.
तीन वर्षं तो मागच्याच दारानं येतो.
खालचं शेत विकलं तेव्हा सही त्याची होती.
तिथे आता काळ्या काचांच्या रांगा
दिवसभर उन्हाकडे तोंड करून उभ्या असतात.
तेव्हापासून बापलेकात विळ्या-भोपळ्याचं सख्य,
आणि मधे मी.
"नोएला, त्याला सांग, दार लाव."
दार लावलेलंच असतं.
तरी मी सांगते.

त्यानं भोपळा पाहिला, सुरी पाहिली,
दोघांना तसंच उचलून मागच्या पायरीवर नेलं,
छातीइतकं वर धरलं,
आणि दगडावर सोडून दिलं.

एप्रिलमध्ये नदीवरचा बर्फ तडकतो,
तसा आवाज.
सुरी कुठेतरी गवतात उडाली.
आणि आत केशरी!
इतकं केशरी, की त्या राखाडी दुपारी
आम्ही दोघं उगाच थोडे ओशाळलो.

मग नेहमीचं.
बिया खरवडायच्या. दोरे दोरे लागलेला गर
कोंबड्यांना.
साल ठेवायची, ती नंतर आपोआप सुटते.
बिडाच्या तव्यात लोणी, सेजची पानं,
भरड मिरी,
मेपलचा पाक जेमतेम चमचाभर;
जास्त घातला तर मुलं गोड म्हणून खातात
आणि जेवायची राहतात.
भट्टी चारशेवर. पाऊण तास.
करपतंय असं वाटलं
की आणखी पाच मिनिटं.
मीठ? घातलं असेल.
त्या गडबडीत नीट आठवत नाही.

टेबलावर नेहमीप्रमाणे सगळे टर्कीबद्दल बोलले.
माझा तवा एका कडेला,
काळपट कडा, मधे मऊ.
रोझेरनं वाढून घेतलं. पापांनीही घेतलं,
डाव्या हातानं, हळूहळू.
चावले. थांबले.
"मीठ कमी आहे."

माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत.
मी वर पाहिलं नाही.
कुणाला काही सांगितलंही नाही,
फक्त फोडीची साल सोलत बसले,
लांबच लांब.

मिठाची बाटली टेबलाच्या त्या टोकाला होती.
रोझेर उठला. घेऊन आला.
उघडून दिली.
अर्धं मीठ टेबलक्लॉथवर सांडलं,
त्यातलंच बोटानं टिपून
पापांनी फोडीला लावलं.
लोरेन विचारत होती, टर्की कोरडी तर नाही ना.
नाही, नाही, आम्ही सगळे म्हणालो.

सुरी मात्र सापडली नाही.
बॅटरी घेऊन रोझेर बराच वेळ गवत चाळत होता,
पापा खिडकीतून काच ठोकून
डावीकडे, डावीकडे, असं दाखवत होते.
रात्री बर्फ पडला.
आता एप्रिलमध्येच.