पंगतीतली बाई

फहाहीलला आज धुळीची सुट्टी.
खिडकीबाहेर दुपार हळद लावल्यासारखी,
समोरची इमारत नाही, रिफायनरीची ज्योत नाही,
खालचा बकालासुद्धा नाही
(जो मुळीच बकाल नाही, फार नीटनेटका आहे).
बायको ड्यूटीवर. डाळ कालची.
मी तो सिनेमा लावला.

तोच. सासऱ्याला फसवायला जावई
स्वतःचाच काका होऊन येतो
आणि मिशी चिकटवतो काकवीनं.
काकवीनं का? गोंद संपला.
गोंद का संपला? विचारायचं नाही.
विचारणाऱ्यांसाठी दुसरे सिनेमे आहेत.
मग मुंग्या.

तेव्हा आम्ही सहा जण एका खोलीत, अबू हलीफाला.
व्हीसीडी प्लेयर गंगाराम बेंडलचा,
म्हणून रिमोट त्याचा
आणि भिंतीला टेकून बसायचा मानही त्याचाच.
दर गुरुवारी रात्री
दुसरी डिस्क बरोबर मुंग्यांपाशी अडकायची.
जावई ओठ वाकडा करून थांबलेला,
आणि बेंडल डिस्क बनियनला पुसून
तिच्यावर फुंकर मारायचा,
कुसळ गेलेल्या डोळ्यात आई मारते तशी.
तोवर पुढचं सगळं शौकत खलफे बोलायचा,
दोन्ही आवाजांत, सासरा जास्त चांगला:
"जावईबापू, तुमच्या काकांना मुंग्या लागल्या!"
"लागणारच! माणूस गोड आहे!"

हा काय विनोद झाला?
पण सिल्हेटचा मोफज्जल,
ज्याला मराठीतलं 'ये' आणि 'जा' एवढंच कळे,
'गोड'च्या आधीच हसत सुटायचा,
आणि ते हसणं असं की पलीकडचे मिसरी
भिंतीवर थाप मारत,
मग थोड्या वेळानं तेही हसत, कशाला ते न कळता.
कंपनीनं तीन महिने पगार दिला नाही
त्या तीन महिन्यांत आम्ही तो अकरा वेळा पाहिला.
मेसच्या भातात काळं काही दिसलं
की एक जण म्हणे, मुंगी.
बाकीचे पाच, लागणारच.

आज चित्र लख्ख. कुठे अडकत नाही.
मुंग्यांपाशी मी उगाच ओठांचा चंबू करून बसलो,
आणि जावई सरळ पुढे निघून गेला.
हसू आलं नाही.
सासरा भलताच तरुण निघाला,
माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान असावा.
दार आपटलं की घराची भिंत हलते.
नायिकेला अख्ख्या सिनेमात दोनच साड्या,
त्यातली एक शेवटी तिच्या आईच्या अंगावर.
खुबूस डाळीत बुडवता बुडवता वाटलं,
झालं आता, बंद करावं.

तेवढ्यात पंगत. मागच्या ओळीत
डावीकडून चौथी, हिरव्या लुगड्यातली एक बाई.
रोजावर आणून बसवलेली,
गप जेवायचं, असं बजावलेली असणार.
पुढे मिशी सुटून श्रीखंडात पडते
आणि ती बाई हसते.
पदर तोंडात कोंबून, खांदे गदगदत,
शेजारणीला कोपरानं ढोसत,
शेजारीण बिचारी पत्रावळीवरच डोळे रोवून.
कोणी कापलं नाही ते. फिल्म परवडली नसेल,
किंवा कोणी पाहिलंच नाही,
अकरा वेळा पाहूनही आम्ही कुठे पाहिलं?

मागे नेलं. पदर, खांदे, कोपर.
पुन्हा मागे. पदर, खांदे.
चौथ्या खेपेला खुबूस ठसक्यात गेला
आणि मी सोफ्यावर आडवा,
एकटा, पन्नाशीचा माणूस, डोळ्यांतून पाणी,
नाकात डाळ.

शौकतला फोटो पाठवला, तो बहुतेक नमाजाला.
मोफज्जलचा नंबर इथलाच होता,
तो आता कुणा फिलिपिनो बाईचा आहे;
मागे एकदा लावून झालंय.
बेंडलचा गुहागरहून निरोप आला, आवाज बसलेला,
मागे कुठेतरी पंप चालू:
"कसली बाई? मला नाय दिसत.
थांब, चष्मा लावतो.
आणि मेल्या, मला न विचारता
रिमोट कुणी घेतला?"